धातूचा थकवा: हाय सायकल फटीगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देखभाल विभागातले लोक, डिझाइनर आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी यांच्याकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. बहुतेकांच्या हातात एखादा तुटलेला शाफ्ट, बोल्ट किंवा स्प्रिंग असते आणि पहिले वाक्य ठरलेले असते, "मटेरियल खराब निघालं." बहुतांश वेळा मटेरियल चांगलेच असते. दोष निघतो तो एखाद्या कोपऱ्यात, पृष्ठभागावर किंवा कुणीच न मोजलेल्या कंपनात. म्हणून खालच्या उत्तरांचा सगळा भर तिथे आहे.

१. हाय सायकल फटीग म्हणजे नेमकं काय?

एकदाच दिला तर भागाला काहीच होणार नाही, एवढा कमी ताण पुन्हा पुन्हा येत-जात राहिला आणि शेवटी त्यानेच भाग तुटला, तर तो फटीग, म्हणजे धातूचा थकवा. आवर्तनांची संख्या साधारण दहा हजार ते एक लाखाच्या पुढे गेली आणि प्रत्येक आवर्तनात एकूण भाग इलॅस्टिक मर्यादेतच राहिला, म्हणजे भार काढताच मूळ आकारात परतला, की ते हाय सायकल.

लाखांचा आकडा मोठा वाटतो, पण यंत्रे तो फार लवकर गाठतात. फिरत्या शाफ्टवर एका बाजूने पट्ट्याची ओढ असेल, तर वरचा तंतू ताणला जातो आणि खालचा दाबला जातो. अर्ध्या फेऱ्यात दोघांची अदलाबदल होते. म्हणजे एक फेरा, एक आवर्तन. मिनिटाला १५०० फेरे घेणारा शाफ्ट दिवसाला २१ लाख ६० हजार आवर्तने करतो आणि पाचव्या दिवशी एक कोटी ओलांडतो. ०.९ मीटर व्यासाचे रेल्वेचे चाक सुमारे २८ हजार किलोमीटरमध्ये तेवढेच फेरे घेते.

२. तार हातानं वाकवून वाकवून तोडतो, तोच हा प्रकार का?

नाही. तार वाकवताना ती प्रत्येक वेळी कायमची वाकते, म्हणून दहा-वीस फेऱ्यांत तुटते. तो लो सायकल फटीग. तिथे हिशेब ताणाचा नसून विकृतीचा, म्हणजे स्ट्रेनचा, असतो.

प्रत्यक्षात सीमारेषा धूसर असते. १९५४ साली कोसळलेल्या कॉमेट या प्रवासी जेट विमानांमध्ये केबिनचा दाब प्रत्येक उड्डाणात एकदा चढत-उतरत होता, म्हणजे आवर्तने काही हजारांच्या आतलीच. ते हाय सायकलचे उदाहरण नव्हे. जेट इंजिनात दोन्ही एकत्र नांदतात. चालू-बंद होण्याचा मोठा, सावकाश फेरा डिस्कला थकवतो आणि हवेच्या झोताने होणारे बारीक, वेगवान कंपन पात्यांना.

३. थकव्यात धातूच्या आत काय होतं? तो 'स्फटिकासारखा' होतो म्हणतात, ते खरं आहे का?

ते खरे नाही, पण गैरसमज जुना आहे. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला आणि कितीतरी माणसे जळून मेली. दर्यावर्दी द्युमाँ द्युर्व्हिल त्यांतलेच. अशा तुटलेल्या आसांचा छेद चमकदार आणि दाणेदार दिसे, म्हणून कंपनाने लोखंडाची जात बदलते असे लोकांना वाटले. वास्तविक धातू पहिल्यापासून स्फटिकांचाच बनलेला असतो. शेवटच्या क्षणी तो ठिसूळपणे तुटतो तेव्हा ते स्फटिक डोळ्यांना दिसतात, इतकेच.

खरी घडामोड पृष्ठभागावरच्या काही मोजक्या कणांत, म्हणजे याच छोट्या स्फटिकांत, होते. ज्या कणांचे घसरण्याचे प्रतल ताणाच्या दिशेला सोयीचे असते, त्यांत अणूंचे थर पुढे-मागे सरकतात. सरकलेले थर पूर्णपणे जागेवर परतत नाहीत. हळूहळू पृष्ठभागावर सूक्ष्म उंचवटे आणि चिरा तयार होतात. युइंग आणि हम्फ्री यांनी १९०३ मध्ये लोखंडाचा नमुना घासून-पुसून चकचकीत केला, त्याला आवर्तने दिली आणि सूक्ष्मदर्शकाखाली या रेघा दाट होत जाऊन त्यांतून भेग उघडताना पाहिली. भाग अजून पूर्णपणे इलॅस्टिक आहे असे गणित सांगत असते, त्याच वेळी दोन-चार कण आपल्यापुरते प्लास्टिक झालेले, म्हणजे कायमचे सरकलेले, असतात.

४. एस-एन आलेख कसा वाचायचा?

उभ्या अक्षावर ताणाचा (एस) आयाम, म्हणजे चढउताराचा निम्मा भाग, आडव्या अक्षावर तुटेपर्यंतची आवर्तने (एन). आडवा अक्ष लॉगॅरिथमिक असतो, हे विसरले की सगळा अंदाज चुकतो. ही पद्धत जर्मन रेल्वे अभियंता आउगुस्ट वोलर यांच्या १८५०-६०च्या दशकांतल्या आसांवरच्या चाचण्यांतून आली. लॉग-लॉग कागदावर उताराचा भाग जवळपास सरळ रेषा होतो, हे बास्किन यांनी १९१० मध्ये मांडले.

या रेषेचा उतार फार मंद असतो आणि व्यवहारात महत्त्वाचे तेच आहे. ताण आयुष्याच्या -०.१ या घाताप्रमाणे बदलतो असे धरले, तर ताण १० टक्क्यांनी कमी केल्यावर आयुष्य जवळपास तिप्पट होते आणि २० टक्क्यांनी कमी केल्यावर नऊपटीहून जास्त. उलट बाजूनेही तसेच. भार "थोडासाच" वाढवला असे कुणी म्हणाले, की हे गणित आधी करून पाहावे.

आलेखावरची रेष सरासरीची असते, हेही लक्षात ठेवा. एकाच वेळी वितळवलेल्या पोलादाच्या, एकाच लेथवर उतरवलेल्या नमुन्यांमध्ये कमी ताणाच्या टोकाला आयुष्यात दहापट फरक सहज पडतो.

५. फटीग लिमिटच्या खाली राहिलं की भाग कायम टिकतो ना?

साध्या कार्बन आणि लो-अलॉय पोलादात, कोरड्या हवेत, साधारण एक कोटी आवर्तनांच्या आसपास आलेख आडवा होतो. त्या ताणाला फटीग लिमिट म्हणतात. घासून चकचकीत केलेल्या लहान नमुन्यात ती टेन्साइल स्ट्रेंथच्या, म्हणजे एकदाच खेचून तोडायला लागणाऱ्या ताणाच्या, सुमारे निम्मी भरते. टेन्साइल स्ट्रेंथ १४०० मेगापास्कलच्या (हे ताणाचे एकक) वर गेली, की लिमिट ७०० च्या आसपास अडकते.

ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंना अशी स्पष्ट लिमिट नसते. त्यांचा आलेख उतरतच राहतो, म्हणून त्यांच्यासाठी ५० कोटी आवर्तनांचा ताण छापतात. पोलादालाही गंजणाऱ्या वातावरणात ही सवलत मिळत नाही. खारे पाणी लागणाऱ्या शाफ्टला हँडबुकातली फटीग लिमिट लावू नका. अधूनमधून येणारे मोठे झटकेही लिमिट मोडतात, त्यासाठी प्रश्न १५ पाहा. आणि एक कोटीनंतर शंभर कोटींकडे जाताना काय होते, ते प्रश्न १६ मध्ये आहे.

६. डिझाइनमध्ये फॅक्टर ऑफ सेफ्टी ३ घेतला होता, तरी शाफ्ट तुटला. असं कसं?

हा सर्वांत जास्त येणारा प्रश्न. उत्तर आकड्यांनीच देतो.

पोलाद घ्या यील्ड (ज्या ताणाला ते कायमचे वाकू लागते) ३५० आणि टेन्साइल ५५० मेगापास्कलचे. यील्डवर तीनचा फॅक्टर लावला, म्हणजे यील्डला तीनने भागले, म्हणून वाकण्याचा ताण ११७ वर ठेवला. आता फटीगचा हिशेब. नमुन्याची लिमिट ५५० च्या निम्मी, २७५. लेथवर उतरवलेल्या पृष्ठभागासाठी सुमारे ०.८५ ने गुणा आणि ५० मिलीमीटर व्यासासाठी सुमारे ०.८२ ने. उरले १९१. म्हणजे ११७ अजूनही सुरक्षित दिसतो.

पण शाफ्ट तुटला कुठे? बेअरिंग बसते त्या पायरीच्या कोपऱ्यात, जिथे टर्नरने टोकदार टूल लावून काटकोन काढला होता, कारण बेअरिंग नीट टेकायला हवे होते. अशा कोपऱ्यात ताण दुप्पट होतो असे धरले, तरी ११७ चे २३४ होतात. मर्यादा १९१ ची आणि ताण २३४. हा शाफ्ट पहिल्या दिवसापासून मरणाच्या वाटेवर होता आणि ड्रॉइंगवर मात्र फॅक्टर ३ लिहिलेला होता.

त्याच कोपऱ्यात पुरेशी मोठी रेडियस देऊन हा गुणक १.४ वर आणला, तर ताण १६४ होतो आणि शाफ्ट टिकतो. व्यास तोच, पोलाद तेच. बेअरिंग टेकायला अडचण येत असेल, तर मध्ये एका बाजूने चॅम्फर मारलेली रिंग घालता येते किंवा पायरीत आत शिरणारी गोलाई कापता येते. शाफ्टच्या ड्रॉइंगवर रेडियसचा आकडाच नसेल, तर ते ड्रॉइंग अपुरे समजून परत पाठवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आकडा नसला की कोपरा किती टोकदार होईल हे टूलची धार ठरवते.

की-वेचे (चावी बसते त्या खाचेचे) टोक, आडवे तेलाचे छिद्र, सर्कलिपचा (अडकवायच्या रिंगचा) खाचा आणि दाबून बसवलेल्या हबची कड या जागाही अशाच. हबच्या कडेला तर सूक्ष्म घासणीही असते. तिथे लालसर-तपकिरी भुकटी दिसली, तर ती फ्रेटिंगची, म्हणजे या घासणीने होणाऱ्या झिजेची, खूण. फ्रेटिंग भेगेला आयती सुरुवात करून देते.

७. मग सरळ जास्त ताकदीचं पोलाद वापरलं तर?

पृष्ठभाग चांगला असेल तरच उपयोग. हॉट-रोल्ड काळी त्वचा तशीच ठेवली, तर हँडबुकातल्या नेहमीच्या सूत्राने ५०० मेगापास्कल टेन्साइलच्या पोलादाची लिमिट सुमारे १६७ येते आणि १००० च्या पोलादाची सुमारे २०२. ताकद दुप्पट, फायदा एक-पंचमांश. कारण कडक पोलाद ओरखड्यांना आणि खाचांना जास्त हळवे असते. महाग पोलाद आणून त्यावर भर ताणाच्या जागी पंचाने नंबर ठोकणारेही आहेत. नंबर शाफ्टच्या टोकाच्या सपाट तोंडावर ठोका.

८. वेल्डिंग केलेल्या स्ट्रक्चरलाही हेच नियम लागू होतात का?

नाही, आणि इथे चांगले चांगले लोक फसतात. वेल्डच्या कडेला, म्हणजे 'टो'पाशी, वितळताना अडकलेल्या मळीची सूक्ष्म भेगेसारखी टोके आधीच असतात. भेग सुरू होण्यात जाणारे आयुष्य तिथे जवळपास शून्य असते, उरते ते फक्त भेग वाढण्याचे. भेग वाढण्याचा वेग पोलादाच्या ताकदीवर फारसा अवलंबून नसतो. म्हणून वेल्डेड जोडाला सगळ्या पोलादांसाठी एकच आलेख वापरतात, त्यात आयुष्य ताणाच्या तिसऱ्या घाताने घटते. ताण दुप्पट केला की आयुष्य एक-अष्टमांश.

वेल्ड किती मोठा, यापेक्षा तो कुठे आहे याला महत्त्व आहे. २७ मार्च १९८० रोजी उत्तर समुद्रात अलेक्झांडर एल. कीलँड हा तरंगता मंच उलटला आणि १२३ माणसे गेली. भेग सुरू झाली होती एका हायड्रोफोनचा (पाण्यातला आवाज टिपणाऱ्या यंत्राचा) आधार बसवण्यासाठी घातलेल्या ६ मिलीमीटरच्या फिलेट वेल्डपाशी, म्हणजे कोपऱ्यात भरलेल्या वेल्डपाशी. तो आधार मंचाचा कोणताही भार पेलत नव्हता. पण ज्या नळीवर तो डकवला, ती पेलत होती. केबलची क्लिप, नेमप्लेट, उचलायचा हूक, यांतले काहीही ताणाखालच्या भागावर वेल्ड करण्याआधी डिझाइनरला विचारा.

९. ताण एकाच दिशेनं असेल, उलटसुलट नसेल, तर?

सरासरी ताण खेचणारा असेल, तर सोसता येणारा आयाम घटतो. गुडमन यांची सरळ रेषा कामाला पुरते. समजा लिमिट २५०, टेन्साइल ६०० आणि सरासरी ताण १५० मेगापास्कल. १५० हे ६०० च्या पाव, म्हणून आयामही पावाने घटून सुमारे १८७ उरतो. सरासरी ताण दाबणारा असेल, तर उलट फायदा होतो. प्रश्न १३ मधली शॉट पीनिंगची युक्ती त्यावरच उभी आहे.

१०. बोल्ट घट्ट आवळला तर त्यावर जास्त ताण येतो. मग थोडा सैल ठेवणं बरं नाही का?

उलट आहे. सैल बोल्टच थकव्याने तुटतात.

समजा जोडाचा ताठपणा बोल्टच्या चौपट आहे. पुरेसा आवळलेला असताना बाहेरून ० ते १० किलोन्यूटन भार येत-जात राहिला, तर बोल्टला त्यातला पाचवा हिस्सा, म्हणजे २ किलोन्यूटनचाच चढउतार जाणवतो. बाकीचा बदल दाबलेल्या पृष्ठभागांच्या दाबात जिरतो. आवळणी सुटून जोड उघडू लागला, की पूर्ण १० किलोन्यूटन बोल्टवर येतात. सरासरी ताण कमी झाला खरा, पण आयाम पाचपट झाला.

१७ ऑगस्ट २००९ रोजी रशियातल्या सायानो-शुशेन्स्काया जलविद्युत केंद्रात दोन क्रमांकाच्या टर्बाइनचे झाकण उडाले आणि ७५ माणसे मेली. झाकण धरून ठेवणाऱ्या स्टडमध्ये कंपनाने आलेल्या थकव्याच्या भेगा होत्या.

बोल्ट बहुधा नटमधल्या पहिल्या आट्यापाशी तुटतो, कारण एकूण भाराचा सुमारे एक-तृतीयांश तो एकटा आटा घेतो. एका जोडातला एक बोल्ट थकव्याने गेला असेल, तर शेजारचे सगळे बदला. त्यांनीही तीच आवर्तने भोगलेली असतात.

११. तुटलेला भाग पाहून थकवा ओळखता येतो का?

बऱ्याचदा नुसत्या डोळ्यांनी. छेदावर दोन प्रदेश दिसतात. एक गुळगुळीत, भेग हळूहळू सरकली तो. दुसरा खडबडीत, शेवटच्या क्षणी फाटला तो. गुळगुळीत भागात किनाऱ्यावर लाटांनी आखल्यासारख्या कमानी असतात. त्यांना बीच मार्क म्हणतात. कमानींच्या केंद्राकडे बोट नेत जा, बोट जिथे कडेला टेकते तिथून भेग निघाली. यंत्र अखंड एकाच भाराने चालले असेल, तर मात्र या कमानी उमटतच नाहीत. त्या दिसत नाहीत म्हणून थकवा नाकारू नका.

शेवटच्या खडबडीत भागाचे क्षेत्र पाहा. ते लहान असेल, तर भार कमी होता आणि दोष एखाद्या खाचेचा किंवा ओरखड्याचा आहे. निम्म्याहून मोठे असेल, तर भारच जास्त होता. कडेने करवतीसारखे छोटे दात दिसले, तर भेग एकाच वेळी अनेक जागी सुरू झाली, म्हणजे तो कोपरा फारच टोकदार होता. आजूबाजूला लांबल्याची किंवा वाकल्याची खूण बहुधा नसतेच. म्हणूनच लोक "ठिसूळ माल" म्हणून मोकळे होतात.

१२. तुकडे तपासणीला पाठवायचे आहेत. कसे जपू?

दोन तुकडे एकमेकांत बसवून पाहू नका. प्रत्येकाला हा मोह होतो आणि नेमके उगमाजवळचे बारीक तपशील चेपले जातात. तारेच्या ब्रशने घासू नका, छेदाला बोट लावू नका, त्यावर चिकटपट्टी लावू नका. छेद कोरडा ठेवा. तुकडे वेगवेगळे, ओलावा शोषणाऱ्या पुडीसह बंद करा. कापायचेच असेल, तर छेदापासून लांब, तापू न देता. उचलण्याआधी तुकडा यंत्रात ज्या स्थितीत होता तिथला फोटो घ्या आणि वरची बाजू कोणती, फिरण्याची दिशा कोणती, हे मार्करने लिहा.

१३. शॉट पीनिंगनं खरंच फरक पडतो का?

पडतो. बारीक गोळ्यांच्या माऱ्याने वरचा पातळ थर पसरू पाहतो, आतला धातू त्याला पसरू देत नाही आणि तो थर कायम दाबात राहतो. भेग उघडायला खेच लागते. म्हणून स्प्रिंगा आणि टर्बाइनची पाती पीन करतात. हा दाब उष्णतेने आणि एखाद्या मोठ्या भाराने शिथिल होतो, तेव्हा पीनिंगनंतर भाग तापवू किंवा सरळ ठोकू नका. ग्राइंडिंगमध्ये जळलेला पृष्ठभाग आणि हार्ड क्रोम यांनी नेमके उलटे होते, पृष्ठभाग खेचेत जातो.

१४. झिजलेला शाफ्ट वेल्डनं भरून पुन्हा टर्न केला तर चालेल?

फिरत्या वाकणाऱ्या शाफ्टवर, भर ताणाच्या जागी, शक्यतो नको. खाली कडक झालेला थर, वर आखडून खेचेत राहिलेला वेल्ड आणि मध्ये बारीक पोकळ्या, अशी तिहेरी अडचण तयार होते. नेमकी बेअरिंगच्या जागेवर, म्हणजे पायरीला लागून, ही भर पडते. शाफ्ट फिरतो, माप बसते, आणि काही आठवड्यांनी तुटतो. ती जागा बारीक करून स्लीव्ह बसवायचा असेल, तर कमी झालेल्या व्यासावर प्रश्न ६ चा हिशेब पुन्हा करा.

१५. यंत्राला विश्रांती दिली तर धातू सावरतो का? आणि लिमिटखालची छोटी आवर्तनं मोजायची का?

विश्रांतीने भेग मिटत नाही. ॲनिलिंगने, म्हणजे तापवून हळू थंड केल्यानेही नाही. धातू जिथे थांबला, तिथूनच पुढे मोजायला लागतो.

छोट्या आवर्तनांचे उत्तर जरा नाजूक आहे. पामग्रेन यांनी १९२४ मध्ये आणि मायनर यांनी १९४५ मध्ये मांडलेल्या नियमात प्रत्येक ताणासाठी "झालेली आवर्तने भागिले शक्य आवर्तने" काढून बेरीज करतात. बेरीज १ झाली की आयुष्य संपले. लिमिटखालच्या ताणाला शक्य आवर्तने अनंत, म्हणून त्याचा वाटा शून्य येतो. पण फटीग लिमिट म्हणजे भेग सुरूच न होणे, असे नव्हे. लिमिटखालीही सूक्ष्म भेगा निघतात आणि कणांच्या सीमेपाशी अडून बसतात. अधूनमधून येणारा मोठा भार त्यांना तो अडथळा पार करून देतो आणि मग छोटी आवर्तनेही त्यांना पुढे ढकलू लागतात. म्हणून बदलत्या भारात आलेखाचा उतार लिमिटच्या खालीही वाढवून छोटी आवर्तने मोजणे शहाणपणाचे. मायनरचा नियम भारांचा क्रम पाहत नाही, त्यामुळे बेरीज १ पर्यंत ताणू नका.

१६. लिमिटच्या खाली, पृष्ठभाग चकचकीत, तरीही तुटला. भेग आतून निघाली. हे शक्य आहे?

शक्य आहे. बेअरिंग आणि स्प्रिंगच्या कडक पोलादात एक कोटीनंतर आडवा वाटणारा आलेख शंभर कोटींकडे जाताना पुन्हा उतरतो. भेग पृष्ठभागाऐवजी आतल्या एखाद्या ऑक्साइडच्या कणापाशी सुरू होते आणि छेदावर त्या कणाभोवती गोल, फिकट डाग दिसतो. त्याला फिश-आय म्हणतात. इथे पृष्ठभागाच्या घासाईने काही साधत नाही, पोलाद किती स्वच्छ वितळवले याला महत्त्व येते. मटेरियलवर बोट ठेवणे जिथे योग्य ठरते, ती ही जागा. सेकंदाला ५० आवर्तनांच्या यंत्रावर शंभर कोटींची एक चाचणी २३१ दिवस चालते. २० हजार हर्ट्‌झच्या अल्ट्रासॉनिक यंत्रावर ती सुमारे १४ तासांत होते.

१७. ठरावीक काळानं तपासणी केली, तर भेग वेळेत सापडेल ना?

लो सायकलमध्ये आणि वेल्डेड स्ट्रक्चरमध्ये बहुधा हो. हाय सायकलमध्ये यावर विसंबू नका. इथे आयुष्याचा बहुतांश काळ भेग जन्मण्यात जातो आणि त्या काळात मॅग्नेटिक पार्टिकल, डाय पेनिट्रंट किंवा अल्ट्रासॉनिक, कशालाच काही दिसत नाही. भेग दिसण्याजोगी होते तेव्हा उरलेला वेळ थोडा असतो. सेकंदाला १००० वेळा थरथरणारे पाते घ्या. भेग प्रत्येक आवर्तनात फक्त एक नॅनोमीटर पुढे गेली, तरी एक मिलीमीटरला दहा लाख आवर्तने, म्हणजे सुमारे सतरा मिनिटे. इतक्या वेळात कोणती तपासणी गाठणार?

जागा दिसणारी असेलच असेही नाही. ३ जून १९९८ रोजी जर्मनीत एशेडे येथे आयसीई या वेगवान रेल्वेगाडीच्या चाकाचा पोलादी टायर तुटला, १०१ माणसे गेली. भेग टायरच्या आतल्या पृष्ठभागावर सुरू झाली होती.

म्हणून कंपन मोजा. कोणत्या फेऱ्यांवर कोणती नैसर्गिक वारंवारता भेटते, हे कॅम्पबेल आलेखावर आखून त्या फेऱ्यांवर यंत्र रेंगाळू देऊ नका. एखाद्या पाइपची छोटी फांदी पंप सुरू होताना नुसत्या डोळ्यांना थरथरताना दिसत असेल, तर तिला आधार द्या. त्यासाठी पुढच्या तपासणीची तारीख येईपर्यंत थांबायचे कारण नाही.